नळाला वास येतोय? बरंय की!

क्लोरीनने केस गळतात, पोट बिघडतं, कॅन्सर होतो... ग्रुपवर आठवड्याला एक तरी फॉरवर्ड असतोच. शेवटी आम्ही आमच्या फ्लॅटमधल्या दोन्ही नळांखाली टेस्ट ट्यूब धरली आणि जरा हादरलोच.

‘ईऽऽ, आज पुन्हा स्विमिंग पूल!’

आमच्या फ्लॅटमधली सकाळ या वाक्याने सुरू होते. सहा चाळीसला पाणी येतं. जी पहिली उठते ती भांडं नळाखाली धरते, वास घेते आणि नाक मुरडते. सिंहगड रोडला एका जुन्या बिल्डिंगमध्ये पहिल्या मजल्यावर आम्ही चौघी राहतो. एक नागपूरची, एक लातूरची, एक रत्नागिरीची आणि मी सातारा जिल्ह्यातल्या एका गावातली. किचनमध्ये दोन नळ आहेत. एक थेट महापालिकेच्या लाइनचा, दुसरा गच्चीवरच्या टाकीचा. पहिल्याला वास येतो, दुसऱ्याला येत नाही. घरमालकांनी दिलेल्या प्युरिफायरचा लाल दिवा तीन महिने पेटलेला आहे आणि सर्व्हिसिंगचे पैसे कोणी द्यायचे यावर अजून एकमत झालेलं नाही. मग आम्ही काय केलं? ज्या नळाला वास नाही, त्याचं पाणी बाटल्यांमध्ये भरून कॉलेजला न्यायला लागलो. चौघीही शिकलेल्या. त्यातल्या दोघी तर सायन्सवाल्या.

लातूरची सुरुवातीला तयार नव्हती. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणलं गेलं, तेव्हा ती शाळेत होती. पाण्याला वास येतो ही तक्रार करायची गोष्ट आहे, हेच तिला पुण्यात आल्यावर कळलं. पण आम्ही तिघींनी मिळून तिलाही बिघडवलं.

त्यात फॉरवर्ड्स. ‘पहिल्या महायुद्धात सैनिकांना मारायला वापरलेला गॅस तुमच्या नळातून येतोय!’ हा सगळ्यात गाजलेला. नागपूरचीने तर शॉवरला लावायचा नऊशे रुपयांचा फिल्टर मागवला, कारण केस गळतायत. (केस सेमिस्टरच्या शेवटी जास्त गळतात हे माझं निरीक्षण. तिला मान्य नाही.)

इंटर्नशिपमध्ये या पानासाठी विषय शोधत होते, तेव्हा आमच्या एडिटर मॅडमना मी हेच सुचवलं, ‘नळातलं विष’. त्या म्हणाल्या, ‘आधी मोजून तर ये.’

कावीळ, एटीकेटी आणि ऊसाचा रस

मोजण्याआधी एक जुनी गोष्ट सांगते. एस.वाय.ला असताना ऐन पावसाळ्यात मला कावीळ झाली. हिपॅटायटिस ए. तेव्हा मी दुसरीकडे एका हॉस्टेलवर होते, नाव घेत नाही. आधी ताप आणि मळमळ, मग अन्नाचा वासही नको झाला, मग एक दिवस बेसिनच्या आरशात डोळे पिवळे दिसले. दीड महिना गावी पडून होते. आजीने काविळीचं औषध देणाऱ्या बाबाकडे नेण्याचा आग्रह धरला, आईने ऊसाचा रस पाजला, डॉक्टर म्हणाले आराम कर आणि तेलकट खाऊ नकोस. दोन पेपर बुडाले आणि एटीकेटी लागली ती लागलीच.

हा विषाणू शरीरात शिरल्यापासून आजार दिसेपर्यंत साधारण दोन ते सात आठवडे जातात. त्यामुळे नेमकं कुठल्या पाण्याने किंवा कुठल्या पाणीपुरीने झालं हे सिद्ध करता येत नाही. पण आमच्या मजल्यावरच्या आणखी तिघींना त्याच महिन्यात कावीळ झाली होती आणि हॉस्टेलच्या टाकीला झाकण नव्हतं, एवढं मला माहीत आहे. तिथल्या पाण्याला वास मात्र कधीच यायचा नाही. तेव्हा आम्हाला ते चांगलं वाटायचं.

पाण्यात क्लोरीन टाकतात तो याच गोष्टींसाठी. कॉलरा, टायफॉइड, जुलाब, कावीळ. तो पाण्यात मिसळला की त्याचं हायपोक्लोरस ॲसिड होतं आणि ते जंतूंच्या आवरणातून आत शिरून त्यांचा कारभार संपवतं. याला साधारण अर्धा तास लागतो. पण खरी गंमत पुढे आहे. शुद्धीकरण केंद्रातून निघालेलं पाणी आपल्या नळापर्यंत काही किलोमीटर पाइपमधून येतं. वाटेत जिथे घाण भेटेल तिथे क्लोरीन खर्च होत जातो. घरी पोहोचल्यावर जो शिल्लक राहतो त्याला उरलेला क्लोरीन म्हणतात. महिन्याच्या पंचवीस तारखेला पाकिटात दोनशे रुपये उरले असतील तर समजायचं महिना नीट गेला, तसंच हे. उरलाय म्हणजे वाटेत पुरला. शून्य झालाय म्हणजे एक तर वाटेत फार खर्च झाला, नाहीतर मुळातच कमी टाकला होता, नाहीतर पाणी फार वेळ साठून राहिलं. आणि शून्य झाल्यानंतर पाण्यात जे काही पडेल, त्याला अडवायला कोणी नाही.

आपल्याकडे हे जास्त महत्त्वाचं, कारण पाणी चोवीस तास येत नाही. पाणी बंद झालं की पाइपमधला दाब जातो. पाइपला भेग असेल आणि शेजारून ड्रेनेजची लाइन गेली असेल, तर बाहेरची घाण आत ओढली जाते. सकाळी पहिल्या दोन-चार मिनिटांचं पाणी गढूळ येतं ना? ते प्यायचं नाही, झाडांना घालायचं.

किती म्हणजे जास्त?

भारतीय मानक आयएस १०५०० सांगतं की नळाच्या पाण्यात उरलेला क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम हवा. विषाणूंची भीती असेल तर किमान ०.५. वरची मर्यादा १ मिलिग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने आयुष्यभर रोज प्यायलं तरी चालेल अशी जी पातळी ठरवलीय ती लिटरला ५ मिलिग्रॅम आहे, अमेरिकेत कायद्याने ४ पर्यंत चालतो. आणि आपल्या नाकाला हा वास त्याच्या कितीतरी आधी येतो. म्हणजे वास आला म्हणजे विष झालं, हे गणितच चुकतं.

महायुद्धातल्या गॅसचं म्हणाल तर ते खरंय. २२ एप्रिल १९१५ ला बेल्जियममध्ये ईप्रच्या आघाडीवर जर्मन सैन्याने क्लोरीन सोडला होता. पण फुफ्फुसात गेलेला दाट गॅस आणि एक लिटर पाण्यात अर्धा मिलिग्रॅम यांना एकाच वाक्यात बसवायचं, तर मग जेवणातलं मीठही टाकून द्यावं लागेल. क्लोरीन घरात खरोखर घात करू शकतो तो वेगळ्याच ठिकाणी. रविवारी बाथरूम घासताना ब्लीच किंवा ब्लीचिंग पावडरवर टॉयलेट साफ करायचं ॲसिड ओतलं, तर तोच गॅस तयार होतो. हे कधीही करू नका. यावर एकही फॉरवर्ड का येत नाही कोण जाणे.

बाकी पाण्यात जाणूनबुजून ब्लीचिंग पावडर टाकायची म्हटल्यावर लोक तेव्हाही भडकले होतेच. १९०८ मध्ये अमेरिकेत जर्सी सिटीला पाणी पुरवणाऱ्या कंपनीवर अशुद्ध पाणी देते म्हणून खटला चालू होता. कंपनीचे सल्लागार डॉक्टर जॉन लील यांनी कोणाची परवानगी न घेता त्या वर्षीच्या सप्टेंबरपासून बूंटन धरणाच्या पाण्यात क्लोरीन सोडायला सुरुवात केली. त्यांचे वडील अमेरिकन यादवी युद्धात लागलेल्या हगवणीने अनेक वर्षं खितपत वारले होते. कोर्टात उलटतपासणीत त्यांना विचारलं गेलं की हे पाणी स्वतः पिता का, घरच्यांना द्याल का? ते हो म्हणाले, आणि जगातलं सगळ्यात सुरक्षित पाणी हेच आहे असंही म्हणाले. निकाल क्लोरीनच्या बाजूने लागला आणि एकेक शहर त्यांच्या मागे गेलं. परवानगी न घेता हे करणं बरोबर होतं का, यावर आमच्या मीडिया एथिक्सच्या तासाला चांगला वाद होऊ शकतो.

मग तोटे काहीच नाहीत?

आहेत. पाण्यात कुजलेली पानं, गवत, सेंद्रिय कचरा असेल तर क्लोरीनची त्याच्याशी प्रक्रिया होऊन ट्रायहॅलोमिथेन नावाची रसायनं तयार होतात. क्लोरोफॉर्म हे त्यातलंच एक. योहानेस रूक या रॉटरडॅमच्या केमिस्टने हे १९७४ मध्ये दाखवून दिलं. अशी रसायनं जास्त असलेलं पाणी वर्षानुवर्षं पिणाऱ्यांमध्ये मूत्राशयाच्या कॅन्सरचं प्रमाण थोडं जास्त असल्याचं काही अभ्यासांमध्ये आढळलंय. म्हणजे कॅन्सरचा फॉरवर्ड पूर्ण खोटा नाही, फक्त अर्धवट आहे. या रसायनांवर मर्यादा घातलेली आहे, आणि त्यावरचा उपाय म्हणजे आधी तुरटी आणि फिल्टरने पाणी नीट स्वच्छ करणं आणि मग क्लोरीन टाकणं. क्लोरीनच बंद करणं हा उपाय नाही. जागतिक आरोग्य संघटनेचीही भूमिका हीच आहे की या रसायनांच्या धास्तीने निर्जंतुकीकरणात तडजोड करू नये, कारण दुसरीकडचा धोका कितीतरी मोठा आणि लगेचचा आहे.

त्वचेचं म्हणाल तर ज्यांना एक्झिमा आहे किंवा त्वचा फार कोरडी आहे त्यांना क्लोरीनच्या पाण्याने त्रास वाढू शकतो. रोज पूलमध्ये पोहणाऱ्यांचे केस राठ होतात हेही खरं. पण नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने केस गळतात याला ठोस पुरावा नाही. ज्या सोसायट्यांमध्ये बोअरचं पाणी मिसळतात तिथे केसांची वाट लावतो तो बहुतेकदा पाण्याचा जडपणा, आणि नऊशे रुपयांचा फिल्टर तो जडपणा काढत नाही. हे मी नागपूरचीला सांगितलं. दोन दिवस बोलली नाही.

आणि पूलचा तो टिपिकल वास? तो नुसत्या क्लोरीनचा नसतोच. घाम आणि लघवीतल्या घटकांशी क्लोरीन भिडला की क्लोरामाइन नावाची संयुगं तयार होतात, डोळे चुरचुरतात ते त्यांच्यामुळे. म्हणजे पूलला जितका उग्र वास, तितके लोक आंघोळ न करता उतरलेले. हे वाचून पोहणं सोडू नका, फक्त उतरण्याआधी शॉवर घ्या.

क्लोरीन सगळं मारतो असंही नाही. १९५५ च्या शेवटी दिल्लीत यमुनेच्या पुरानंतर वझिराबादला जिथून शहरासाठी पाणी उचलतात तिथे नाल्याचं सांडपाणी घुसलं. केंद्रातल्या लोकांनी तुरटी आणि क्लोरीन दोन्ही वाढवलं. त्याने टायफॉइड आणि हगवणीची लाट टळली, पण काविळीचे सुमारे २९ हजार रुग्ण झाले. विषाणू त्यातून निसटला होता. तो हिपॅटायटिस ई होता हे कळायला पुढे बरीच वर्षं गेली. तेव्हा पाणी गढूळ असेल तर नुसत्या क्लोरीनवर विसंबायचं नाही, उकळायचंच.

पिवळं झालं तर पास

तर मोजायचं होतं. गणपतीला गावी गेले तेव्हा आमच्या ग्रामपंचायतीत पाणी सोडणाऱ्या काकांना गाठलं. शहरात कोणाला माहीत नसतं, पण गावागावांत हे काम नेमलेली व्यक्ती करते, जलसुरक्षक म्हणतात त्यांना. टाकीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकायची आणि शेवटच्या नळाला ओटी टेस्ट करायची. नळीत पाणी घ्यायचं, ओटीचे थेंब टाकायचे, पाणी पिवळं झालं की क्लोरीन पोहोचला. रंगाच्या पट्टीशी जुळवून किती ते कळतं. पावसाळ्याआधी आणि नंतर पाण्याच्या स्रोतांची पाहणी होते आणि ग्रामपंचायतीला हिरवं, पिवळं किंवा लाल कार्ड मिळतं. सलग पाच वर्षं हिरवं टिकवलं तर चंदेरी. काका मला म्हणाले, ‘ताई, तुमच्या पुण्याच्या बिल्डिंगला कोणतं कार्ड आहे?’ मी हसले. उत्तर नव्हतं.

त्यांनी एक जुनी पेटी आणि ओटीची अर्धी बाटली दिली. वर बजावलं की टेस्ट केलेलं पाणी चुकूनही प्यायचं नाही, हाताला लागलं तर धुवायचं. ओटी स्वतःच आरोग्याला वाईट, म्हणून आता बऱ्याच ठिकाणी गुलाबी रंग देणारी डीपीडीची गोळी वापरतात.

सोमवारी सकाळी सहा पंचेचाळीस. चौघीही ओट्याभोवती. आधी डायरेक्ट नळ. पाच मिनिटं पाणी वाहू दिलं, नळी भरली, थेंब टाकले. पाणी छान पिवळं झालं, पट्टीवर ०.५ च्या आसपास. मग टाकीचा नळ, ज्याचं पाणी आम्ही तीन महिने पीत होतो. थेंब टाकले. काही नाही. अजून थोडं थांबलो. पुन्हा नवीन पाणी घेऊन केलं. पाणी तसंच, पांढरं स्वच्छ.

‘म्हणजे चांगलंच ना?’ रत्नागिरीची म्हणाली. मग तिच्याच लक्षात आलं.

हे मान्य करायला हवं की टाकीत पाणी साठलं, ऊन लागलं की क्लोरीन आपोआप उडतोच. शून्य आलं म्हणजे पाणी घाणच आहे असं होत नाही. म्हणून गच्चीवर गेलो. टाकीच्या झाकणाचा एक कोपरा तुटलेला, त्यावर वीट ठेवलेली आणि आत पाण्यावर कबुतराचं पीस तरंगत होतं. तळाला दोन बोटं गाळ. कोणी काही बोललं नाही. मला हॉस्टेलची टाकी आठवली.

आणि हे आम्हाला कळायला नको होतं का? जानेवारी २०२५ मध्ये जीबीएसची साथ आली ती याच सिंहगड रोड पट्ट्यात, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागात. आधी पोट बिघडायचं, मग काही जणांच्या पायांतली ताकद जायची, काहींना व्हेंटिलेटरवर ठेवावं लागलं. संशयित रुग्ण दोनशेच्या वर गेले, मृत्यूही झाले. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर हा जीवाणू सापडला, जो दूषित पाण्यातून किंवा कच्च्या चिकनमधून येतो. तपासणीत पाण्याच्या काही नमुन्यांत क्लोरीन नव्हता, काही खासगी आरओ प्रकल्पांनाही टाळं लागलं. प्रत्येक रुग्णाचं कारण पाणीच होतं असं नाही. पण कॅम्पायलोबॅक्टर क्लोरीनपुढे टिकत नाही, हे मला आत्ता लेखासाठी वाचताना कळलं. तेव्हा आम्ही पंधरा दिवस पाणी उकळून प्यायलो. मग गॅस सिलिंडर संपला. मग विसरलो.

आरओवरून आठवलं. प्युरिफायरमधला कार्बन फिल्टर क्लोरीन काढून टाकतो, कारण क्लोरीनने आरओचा पडदा खराब होतो. म्हणजे प्युरिफायरचं पाणी शुद्ध असलं तरी त्याला राखण नसते. ते तीन-तीन दिवस न धुतलेल्या बाटलीत फिरवलं, तर पुन्हा जंतू वाढतातच. कॉलेजच्या बाटलीच्या झाकणाचं रबर एकदा काढून बघा. आम्ही बघितलं. नको ते.

वास सहन होत नसेल तर डायरेक्ट नळाचं पाणी भांड्यात भरून, वर स्वच्छ फडकं बांधून काही तास ठेवलं की तो बराच उडतो. माठात रात्रभर ठेवलं तर सकाळी कळतही नाही. पाण्यात लिंबू पिळलं तर त्यातलं व्हिटॅमिन सी क्लोरीनला लगेच गप्प करतं. पण वास गेला म्हणजे राखणदारही गेला, तेव्हा ते पाणी त्याच दिवशी संपवायचं. माशांच्या टँकमध्ये मात्र नळाचं पाणी थेट ओतू नका, त्यांना एवढासा क्लोरीनही झेपत नाही. आमच्याकडे दोन गप्पी होते. होते.

सोसायटीच्या सेक्रेटरी काकांना पिसाचा फोटो पाठवला. आधी उत्तर आलं, ‘भाडेकरूंनी गच्चीवर जाऊ नये.’ मग रत्नागिरीचीने तोच फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, खाली एकच ओळ लिहून की शेवटची टाकी कधी धुतली? सतरा जणांनी विचारलं, सांगता कोणालाच येईना. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी, ज्या ग्रुपवर फक्त सुप्रभात पाठवतात, त्यांनी लिहिलं, ‘माझ्या नातीला जूनमध्ये कावीळ झाली होती.’ पुढच्या रविवारी टाकी धुतली गेली आणि नवीन झाकण आलं.

सोमवारी पुन्हा टेस्ट केली. टाकीच्या नळाला फिकट पिवळा रंग, जेमतेम ०.२. पिण्याचं पाणी आता आम्ही डायरेक्ट नळाचंच भरतो. जाळीचं फडकं लातूरची बांधते, तिला सवय आहे. नागपूरचीचा शॉवर फिल्टर अजून लागलेला आहे, परत करायची मुदत संपली म्हणून.

लिफ्टशेजारच्या नोटीस बोर्डावर मी एक कागद लावलाय, दर महिन्याच्या एक तारखेला टेस्ट करून लिहायचं ठरवलंय. ऑक्टोबरची नोंद: डायरेक्ट नळ ०.५. गच्चीवरची टाकी ०.२. खालचा हौद अजून धुतलेला नाही, काका म्हणतात दिवाळीनंतर बघू.